फँटसी आरपीजीत शस्त्राचा वेग कसा वाचायचा?

फँटसी आरपीजी, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन लढत पुढे जायचा व्हिडिओ गेम, नव्याने खेळायला घेतला की पहिल्या तास-दोन तासांतच हा पेच पडतो. हातात साधी तलवार असते. मारलेल्या दरोडेखोराकडे भलामोठा हातोडा सापडतो आणि त्याचा डॅमेज, म्हणजे एका वारात होणारं नुकसान, तलवारीच्या दुपटीहून जास्त दिसतो. तलवार विकली जाते, हातोडा हाती येतो आणि पुढच्याच लढाईत तो वर उचलून खाली आणेपर्यंत तीन लांडगे लचके तोडून मोकळे होतात. मग माणूस चिडून दुसऱ्या टोकाला जातो. दोन्ही हातांत खंजीर घेतो आणि सपासप वार करत सुटतो. तेही बरं चालतं, अंगभर लोखंड घातलेला पहिला शत्रू समोर येईपर्यंत.

वेगवान शस्त्र चांगलं की जड, याला सरसकट उत्तर नाही. खेळ बदलला की उत्तर बदलतं, आणि एकाच खेळात शत्रू बदलला तरी बदलतं. आपण एवढंच शोधायचं असतं: या खेळात कोणत्या गोष्टी दर वारामागे मोजल्या जातात आणि कोणत्या गोष्टी वेळेच्या हिशोबाने? हे एकदा कळलं की निम्म्याहून जास्त गाइड वाचायची गरज उरत नाही. खाली त्याच क्रमाने जाऊ.

पायरी १: वेगाचा आकडा कोणत्या दिशेने वाचायचा ते आधी बघा

हे फारच साधं वाटेल, पण नवखे इथेच फसतात, कारण प्रत्येक खेळाची रीत वेगळी आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये शस्त्रावर ३.८० किंवा १.५० असा आकडा दिसतो. ते दोन वारांमधले सेकंद आहेत, म्हणजे आकडा लहान तितकं शस्त्र चपळ. 'पाथ ऑफ एक्झाइल'मध्ये नेमकं उलटं: तिथे दर सेकंदाला किती वार होतात ते लिहिलेलं असतं, त्यामुळे मोठा आकडा चपळ. 'डायब्लो २'मध्ये प्रत्येक शस्त्राला आतून एक मूळ वेग दिलेला आहे आणि तो ऋणसुद्धा असतो. फेज ब्लेड या तलवारीचा -३०, ग्रेट मॉल या हातोड्याचा २०. इथे जितकं ऋण तितकं वेगवान. काही खेळ तर आकडाच देत नाहीत. एक तर 'जलद', 'मध्यम', 'मंद' असे शब्द असतात, नाहीतर 'डार्क सोल्स'सारखं काहीच लिहिलेलं नसतं, हाताने फिरवून बघायचं.

त्याहून मोठी गफलत 'बाल्डर्स गेट'मध्ये होते, म्हणजे १९९८च्या पहिल्या भागात. हा खेळ एडी अँड डी, म्हणजे 'अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर बसून खेळायच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर बेतलेला आहे. त्या नियमांत खंजिराचा स्पीड फॅक्टर २, लांब तलवारीचा ५ आणि दोन हातांनी धरायच्या तलवारीचा १० असतो. आकडा लहान म्हणजे चपळ, इथवर ठीक. पण चपळ म्हणजे जास्त वार, असं मात्र इथे नाही. सहा सेकंदांची एक फेरी असते आणि एका फेरीत किती वार करायचे हे पात्राचा वर्ग, लेव्हल आणि शस्त्रातलं कौशल्य ठरवतं. स्पीड फॅक्टर ठरवतो तो फेरीतला वाराचा क्षण. खंजीरवाला फेरीच्या सुरुवातीला मारतो, मोठ्या तलवारीवाला शेवटाकडे. याचा उपयोग कुठे? समोरचा मांत्रिक मंत्र पुटपुटत असताना. मंत्र पुरा व्हायच्या आत त्याला घाव बसला तर मंत्र फुकट जातो. तिथे डॅमेज किती झाला याला फारसं महत्त्व नसतं, घाव लवकर बसण्याला असतं.

तेव्हा खेळ सुरू केल्यावर पहिलं काम म्हणजे दोन टोकांची शस्त्रं शोधणं. एक खंजीर, एक मोठा हातोडा. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवले की दिशा लगेच कळते.

पायरी २: डीपीएस काढा, पण त्यावर विसंबू नका

डीपीएस म्हणजे दर सेकंदाला होणारा सरासरी डॅमेज. गणित शाळकरी आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधली जुनी प्रसिद्ध कुऱ्हाड आर्कनाइट रीपर घ्या. डॅमेज १५३ ते २५६, वेग ३.८०. सरासरी २०४.५, भागिले ३.८, म्हणजे सुमारे ५३.८. वेग जर 'दर सेकंदाला वार' असा दिला असेल तर भागाकाराऐवजी गुणाकार करायचा. झालं.

डीपीएस हा आकडा अशा लढाईचा असतो जिथे शत्रू मरत नाही, हलत नाही, चिलखत घालत नाही आणि आपणही थकत नाही. अशी लढाई सरावाच्या पुतळ्याशीच होते. म्हणून दोन शस्त्रांचा डीपीएस जवळजवळ सारखा असेल तेव्हा निवड तिथे संपत नाही. खरी निवड तिथून सुरू होते.

समान डीपीएसची दोन शस्त्रं घेऊन बघा. एक दर सेकंदाला ४०चा वार करतं, दुसरं दर तीन सेकंदांनी १२०चा. दोन्हींचा डीपीएस ४०. दोघांचाही पहिला वार लढाईच्या सुरुवातीलाच पडतो असं धरू. शत्रूची हेल्थ, म्हणजे मरेपर्यंत तो सोसू शकतो तेवढा डॅमेज, १०० असेल तर जड शस्त्र त्याला पहिल्याच फटक्यात आडवं करतं, हलक्याला तिसऱ्या वारापर्यंत, म्हणजे दोन सेकंद थांबावं लागतं. हेल्थ १३० केली तर दोन्ही शस्त्रं बरोबर तिसऱ्या सेकंदाला काम संपवतात. आता ३० हेल्थचे पाच उंदीर अंगावर सोडा. हलकं शस्त्र दर सेकंदाला एक उंदीर मारत चौथ्या सेकंदाला मोकळं होतं. जड शस्त्र प्रत्येक उंदरावर १२०चा घणाघाती फटका मारतं, त्यातले ९० हवेत जातात आणि पाचवा उंदीर मरतो बाराव्या सेकंदाला. तोवर उरलेले चावत असतात ते वेगळंच. आता बऱ्याच खेळांत मोठी शस्त्रं एका फटक्यात अनेकांना लागतात, तसं असेल तर हे चित्र उलटं होतं. म्हणून शस्त्राचा घेर बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

पायरी ३: दर वारामागे काय मिळतं आणि काय जातं, याची यादी करा

सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

'स्कायरिम'मध्ये लोखंडी तलवारीचा मूळ डॅमेज ७ आणि वेग १.०, लोखंडी गदेचा डॅमेज ९ आणि वेग ०.८, लोखंडी खंजिराचा ४ आणि १.३. हा वेग म्हणजे अॅनिमेशन किती भरभर चालवायचं त्याचा गुणक आहे, त्यामुळे एकहाती शस्त्रांची तुलना एकहाती शस्त्रांशीच करावी. गुणाकार केला तर तलवार ७, गदा ७.२, खंजीर ५.२. खंजीर सपशेल मागे. आता तिन्हींवर आगीचा मंत्र चढवा, दर वाराला १० जादा डॅमेज देणारा. तलवारीचे होतात १७. गदेचे १९ गुणिले ०.८, म्हणजे १५.२. खंजिराचे १४ गुणिले १.३, म्हणजे १८.२. शेवटचा होता तो पहिला आला, आणि शस्त्राचं पातं आहे तेच आहे. वरून चढवलेली ठरावीक भर वेगवान शस्त्र जास्त वेळा वसूल करतं, एवढीच ही जादू.

पण हिशोबाची दुसरी बाजूही आहे. मंत्राचा चार्ज दर वाराला खर्च होतो, त्यामुळे खंजिराचा मंत्र गदेपेक्षा कितीतरी लवकर संपतो आणि तो पुन्हा भरायला आत्मा भरलेले दगड शोधत फिरावं लागतं. शिवाय खंजिराची पोच तोकडी. (आणि गंमत बघा, त्याच खेळात लपून पाठीमागून खंजीर खुपसला तर योग्य पर्क (लेव्हल वाढल्यावर निवडायचं खास कौशल्य) घेतल्यावर डॅमेज पंधरा पट होतो. त्या एका वाराला वेगाशी काहीही देणंघेणं नाही.)

आता शत्रूचं चिलखत. इथे एकच गोष्ट विचारायची: चिलखत टक्क्याने कापतं की ठरावीक आकड्याने? टक्क्याने कापत असेल तर वेगाला फरक पडत नाही, प्रत्येक वाराचा तेवढाच हिस्सा जातो. ठरावीक आकड्याने कापत असेल तर हलक्या शस्त्रांचे हाल होतात. 'पिलर्स ऑफ इटर्निटी'चा २०१५चा पहिला भाग असाच आहे: चिलखताचा आकडा प्रत्येक वारातून वजा होतो, फक्त वाराचा किमान २० टक्के भाग तरी आत शिरतोच. समजायला सोपे आकडे घेऊ. चिलखत ८चं. जड शस्त्राचा ३०चा वार पडला तर २२ आत जातात. तेवढ्याच वेळात खंजिराचे १२चे दोन वार पडले, प्रत्येकातले ४ आत गेले, एकूण ८. चिलखताशिवाय ३०ला २४ अशी जवळपास बरोबरीची लढत होती, चिलखतासकट ती २२ला ८ झाली. यावर खेळाने ठेवलेला उतारा म्हणजे स्टिलेटोसारखं (अरुंद, टोकदार खंजिरासारखं) शस्त्र. हे चिलखताचे ३ अंक पार करतं, म्हणजे १२च्या वारातले ४ ऐवजी ७ आत जातात. चपळ शस्त्र हवंच असेल तर अशा खेळात चिलखत भेदणारं बघून घ्यावं.

याच्या उलट, विष, रक्तस्राव, गोठवणं यांसारख्या गोष्टी बहुतेक खेळांत वारागणिक साचतात किंवा वारागणिक संधी देतात. 'एल्डन रिंग'मध्ये रक्तस्रावाचं मीटर दर घावाने भरत जातं आणि पूर्ण भरलं की शत्रूच्या एकूण हेल्थचा ठरावीक हिस्सा एकदम उडतो. मीटर भरायला घाव जास्त लागतात आणि मध्ये थांबलं तर ते उतरतं. म्हणून तिथे दोन्ही हातांत चपळ शस्त्रं घेणारे इतके दिसतात.

आणि खास हल्ले. जुन्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये ताकदीचा बोनस असा मोजत: अटॅक पॉवर (पात्राच्या हल्ल्याची ताकद दाखवणारा आकडा) भागिले १४, गुणिले शस्त्राचा वेग. नुसत्या आपोआप पडणाऱ्या वारांसाठी हे रास्त आहे, कारण हळू शस्त्राला दर वाराला जास्त मिळतं आणि चपळ शस्त्राला जास्त वेळा मिळतं. पण बटण दाबून केलेला खास हल्ला शस्त्राच्या वेगाने होत नाही, त्याच्या स्वतःच्या कूलडाउनने, म्हणजे तो पुन्हा वापरता येईपर्यंतच्या वेळेने होतो. त्यामुळे ३.८ सेकंदांची कुऱ्हाड आणि २.६ सेकंदांची तलवार, दोघींकडून तो हल्ला तितक्याच वेळा व्हायचा, पण कुऱ्हाडीचा दरवेळी जबर बसायचा. सगळे योद्धे मंद शस्त्रांच्या मागे लागले. मग निर्मात्यांनी खास हल्ल्यांसाठी वेग ठरावीक करून टाकला: खंजिराला १.७, इतर एकहाती शस्त्रांना २.४, दोनहातींना ३.३. तरीही शस्त्राचा मूळ डॅमेज वारातच मोजला जात असल्याने मंद शस्त्राचा फायदा पुरता गेला नाही. म्हणूनच तिथले 'रोग' (rogue) वर्गाचे खेळाडू उजव्या हातात हळू तलवार धरतात, तिच्यावर खास हल्ले चालतात, आणि डाव्या हातात चपळ खंजीर, विषाची संधी वारंवार मिळावी म्हणून. दोन हातांत दोन वेगळी तत्त्वं. मला ही जोडी फार आवडते, कारण तिच्यात वेगाची दोन्ही बाजूंची उत्तरं एकत्र बघायला मिळतात.

पायरी ४: वाराचे तीन तुकडे वेगळे करा

अॅक्शन आरपीजीत, म्हणजे वार चुकवणं आणि कोलांटी मारणं जिथे आपल्याच हातात असतं, तिथे 'वेग' हा एकच आकडा अपुरा पडतो. प्रत्येक वाराचे तीन भाग असतात. आधी शस्त्र मागे घेणं, मग पातं खरोखर लागतं तो क्षण, आणि शेवटी सावरणं. 'डार्क सोल्स'सारख्या खेळात वार एकदा सुरू झाला की तो मधेच मागे घेता येत नाही. त्यामुळे सावरण्याचा वेळ हा शत्रूचा वेळ.

कागदावर मांडू. चपळ तलवार: बटण दाबल्यावर ०.३ सेकंदाला घाव, पुढचे घाव दर अर्ध्या सेकंदाने, शेवटच्या घावानंतर सावरायला ०.३. प्रत्येक घाव ४५चा. महाकाय तलवार: घाव ०.९ सेकंदाला, सावरायला ०.६, घाव १५०चा. डीपीएस काढला तर चपळचा ९० आणि महाकायचा १००, म्हणजे मोठी तलवार सरस. आता बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा बलाढ्य शत्रू, आपल्या दोन हल्ल्यांमध्ये १.२ सेकंदाची उसंत देतो असं धरा. चपळ तलवारीचे दोन घाव बसतात, ०.३ आणि ०.८ला, आणि १.१ला तुम्ही मोकळे. ९० डॅमेज, अंगावर ओरखडा नाही. मोठी तलवार ०.९ला घाव घालते खरी, पण १.५पर्यंत तुम्ही वाकलेलेच असता आणि १.२ला बॉसचा हात फिरतो. उसंत १.६ सेकंदांची असती तर? चपळचे तीन घाव, १३५. मोठीचा एक, १५०, आणि सुखरूप. ०.४ सेकंदाच्या फरकाने निकाल फिरला. म्हणून अवघड बॉसपुढे 'कोणतं शस्त्र भारी' असं विचारत बसण्यापेक्षा तो किती उसंत देतो ते दोन-तीन वेळा नुसतं पळत राहून बघा.

जड शस्त्रांची बाजू सावरणारी एक गोष्ट म्हणजे धक्का. मोठा फटका लागला की शत्रू डगमगतो, त्याचा चालू हल्ला तुटतो. काही मोठ्या शस्त्रांच्या वारादरम्यान आपण स्वतः सहजी डगमगत नाही, म्हणजे शत्रूचा छोटा घाव अंगावर झेलून आपला फटका पूर्ण करता येतो. पाच खंजिराचे घाव मिळून जेवढा डॅमेज देतात तेवढाच एक हातोड्याचा फटका देत असला, तरी शत्रूला गुडघ्यावर आणतो तो हातोडा.

पायरी ५: दम मोजा

वाराला स्टॅमिना लागत असेल तर डीपीएससोबत दर स्टॅमिनामागे किती डॅमेज होतो तेही काढा. डॅमेजला एका वाराच्या स्टॅमिनाने भागा, बस. चपळ शस्त्राचा एक वार स्वस्त असतो, पण चार सलग वारांनंतर दम संपतो आणि कोलांटी मारायला काही शिल्लक राहत नाही. 'मॉन्स्टर हंटर'मध्ये याचं वेगळं रूप आहे. तिथे घावागणिक शस्त्राची धार उतरते, त्यामुळे जोड तलवारी वापरणारा शिकारी मोठ्या तलवारीवाल्याच्या मानाने वरचेवर धार लावायला बसतो.

पायरी ६: वेग वाढवण्यावर खर्च करण्यापूर्वी टप्पे तपासा

'२० टक्के जलद हल्ला' असं लिहिलेलं रत्न सापडलं की हात शिवशिवतात. पण खेळ फ्रेममध्ये, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या स्थिर चित्रांमध्ये चालतो आणि अर्धी फ्रेम नसते. 'डायब्लो २' सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने चालतो. वाराला १० फ्रेम लागत असतील तर सेकंदाला अडीच वार होतात, ९ लागल्या तर सुमारे २.७८. दहाची नऊ होईपर्यंतची जी काही वाढ आहे ती पूर्ण वाया, पडद्यावर तिचा मागमूस नसतो. शिवाय वस्तूंवरचा वेग जसाच्या तसा मिळतही नाही. १२० गुणिले तुमचे टक्के, भागिले (१२० अधिक तुमचे टक्के), असं ते सूत्र आहे. २०चे मिळतात १७, ४०चे ३०, ६०चे ४० आणि १२०चे फक्त ६०. पहिल्या वस्तूचा फायदा भरघोस, चौथीचा नावापुरता. अशा खेळात तुमच्या शस्त्राचा आणि वर्गाचा पुढचा टप्पा किती टक्क्यांवर आहे ते तक्त्यात बघायचं, तिथवर पोचत असाल तर खर्च करायचा, नाहीतर ती जागा डॅमेजला द्यायची.

पायरी ७: स्वतः मोजून बघा

खेळ आकडे लपवत असेल तर मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. भरपूर हेल्थचा संथ शत्रू किंवा सरावाचा पुतळा गाठा. पहिला घाव लागला की घड्याळ सुरू, विसावा लागला की बंद. आलेल्या वेळेला २०ने नव्हे, १९ने भागा, कारण वीस घावांमध्ये एकोणीस अंतरं असतात. समजा १३.३ सेकंद लागले, तर दोन वारांत ०.७ सेकंद. हीच चाचणी सलग वार न करता 'दोन वार, एक कोलांटी' या लयीत पुन्हा करा. लढाईत तुम्ही खेळणार आहात ते तसंच.

घाव किती उशिरा लागतो हे बघायचं असेल तर सेकंदाला ६० फ्रेमचं रेकॉर्डिंग करून एकेक फ्रेम पुढे सरकवा. बोट बटणावर पडल्यापासून शत्रूची हेल्थ हलेपर्यंत १८ फ्रेम म्हणजे ०.३ सेकंद. ऑनलाइन खेळ असेल तर ही चाचणी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी करावी, तेव्हाचं नेटवर्कचं रखडणंही हिशोबात येतं.

आणि हे सगळं शस्त्र अपग्रेड करायच्या आधी करा. सुरुवातीला अपग्रेडचं सामान तुटपुंजं असतं आणि पुष्कळ खेळांत एकदा लावलेलं परत निघत नाही. एक जड, एक चपळ अशी दोन साधी शस्त्रं जवळ ठेवून पहिल्या दोन-तीन बॉसांशी लढा, ज्याच्या लयीत तुमचं बोट आपोआप पडतं त्याच्यावर सामान लावा. दुसरं विकू नका. चिलखतवाल्यांचा किंवा उंदरांचा इलाखा आला की तेच काढायचं आहे.